सावित्रीमाईंचे नाव आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने महिला व बालविकास क्षेत्रातील आपल्या राष्ट्रीय संस्थेचे नाव बदलले. ‘निपसिड’ या लघुनावाने ओळखली जाणारी ही संस्था आता सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. देशभरातील अंगणवाडी सेविकांना शिकवणारे प्रशिक्षक तयार करणे हे तिचे एक मुख्य काम आहे. बालशिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेवर सावित्रीमाईंचे नाव लागले याचे आम्ही स्वागत करतो. पण नाव लावले की त्या नावाला साजेसे काम झाले का, हे विचारण्याचा हक्कही येतो. तो प्रश्न आज विचारला पाहिजे, कारण लाखो सेविकांना ‘शिक्षिका’ म्हणून उभे करण्याचा दावा ज्या प्रशिक्षणाच्या आधारावर केला जात आहे, ते प्रशिक्षण तीन दिवसांचे आहे.

सावित्रीमाई स्वतः प्रशिक्षित शिक्षिका होत्या, हे आपण पुष्कळदा विसरतो. भिडेवाड्यातील शाळा, अंगावर झेललेले शेण आणि दगड हे आपल्याला पाठ असते. पण त्या शिकवायला उभ्या राहिल्या त्या जोतिरावांनी घरी दिलेल्या धड्यांच्या बळावर, आणि अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे व पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलेल्या अध्यापनाच्या शिक्षणाच्या बळावर. मुलांना शिकवणे ही ममतेची गोष्ट आहेच, पण ती शिकून घेण्याची विद्यासुद्धा आहे, हे त्यांच्या चरित्रातून दिसते. अंगणवाडीच्या बाबतीत सरकार आणि समाज दोघेही नेमके हेच विसरतात. ‘बाई आहे, आई आहे, मुले सांभाळेल’ एवढ्यावर भागते असे आपण धरून चालतो.

तीन दिवसांत काय शिकवता येते?

‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम केंद्राने १० मे २०२३ रोजी सुरू केला. अंगणवाडी ही केवळ खिचडी आणि वजनकाट्याची जागा न राहता तेथे रोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वशालेय शिक्षण व्हावे, असा त्याचा हेतू आहे. हेतू चांगला आहे. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये दोन अभ्यासक्रम आले: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ आणि तीन वर्षांखालील बाळांसाठी ‘नवचेतना’. ‘आधारशिला’त वर्षभरातील ४८ आठवड्यांचे नियोजन आहे. खेळ, गोष्टी, गाणी, वर्गीकरण, मोजणी, हाताचे काम, मोकळा खेळ अशी त्याची मांडणी आहे. दिव्यांग मुलांसाठी २८ नोव्हेंबर २०२३ रोजी वेगळी कार्यपद्धती जाहीर झाली. कागदावर पाहिले तर गेल्या पन्नास वर्षांत अंगणवाडीतील शिक्षणाचा एवढा विचार क्वचितच झाला असेल. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

अडचण पुढे आहे. हे सगळे सेविकेपर्यंत पोचवण्याची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी पर्यवेक्षिका, प्रकल्प अधिकारी यांच्यातून निवडलेल्या मुख्य प्रशिक्षकांना दोन दिवस शिकवायचे. मग त्यांनी सेविकांना तीन दिवस शिकवायचे. ज्याने स्वतः दोन दिवस ऐकले, त्याने तीन दिवस सांगायचे! वरून ओतलेले पाणी खालच्या भांड्यापर्यंत येईतो किती उरते, हे घरात नळाला रांग लावणाऱ्यांना सांगायला नको.

अठ्ठेचाळीस आठवड्यांचा अभ्यासक्रम, त्यात शून्य ते तीनच्या बाळांचे संगोपन, दिव्यांगत्वाची लवकर ओळख, खेळणी तयार करणे, मुलांच्या प्रगतीची नोंद हे सारे तीन दिवसांत उरकायचे म्हणजे विषयांची नुसती ओळख करून देणे. ओळख होणे वेगळे आणि येणे वेगळे. पोहणे कसे असते हे तीन दिवस ऐकवून कोणी माणसाला विहिरीत उतरवत नाही.

हे पूर्वी असे नव्हते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा सेविकेच्या प्रशिक्षणाचा विचार महिन्यांत केला जात होता. पुढे तो आक्रसत गेला, तरी कामावर रुजू झालेल्या सेविकेचे मूळ प्रशिक्षण २६ कामकाजाच्या दिवसांचे होते, शिवाय ठरावीक काळाने उजळणी वर्ग. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रे होती, पर्यवेक्षिकांसाठी वेगळी केंद्रे होती. त्यांच्यात दोष होते. काही ठिकाणी नुसती हजेरी भरली जायची. पण शिकवणारी एक कायमची जागा होती. पोषण अभियानाच्या काळात केंद्राचा निधी थांबला आणि ही व्यवस्था मोडत गेली. तिच्या जागी बीटच्या मासिक सभेत घ्यायचे छोटे पाठ आणि मोबाईलवरचे धडे आले. जुने घर दुरुस्त करायचे सोडून ते पाडले आणि त्या जागी मांडव घातला, असा हा प्रकार झाला.

धोरणाने काय कबूल केले होते?

तीन दिवसांवर समाधान मानणाऱ्यांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पुन्हा वाचावे. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे तेच धोरण सांगते. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेला बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम द्यावा, असेही त्यात लिहिले आहे. हे शिक्षण दूरस्थ आणि मोबाईलवरून चालेल, पण महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग व्हावा आणि शिक्षण विभागाच्या केंद्र पातळीवरील यंत्रणेने सेविकांना मार्गदर्शन करावे, असे त्यात आहे. पुढे जाऊन राज्यांनी बालशिक्षणासाठी व्यावसायिक पात्रता असलेल्या शिक्षकांचे स्वतंत्र संवर्ग तयार करावेत आणि त्यांच्या बढतीची वाट आखावी, असेही म्हटले आहे.

म्हणजे धोरणाने तीन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: पुरेसा कालावधी, सोबत चालणारा मार्गदर्शक आणि बढतीची वाट. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर आणि ठळकपणे जे झाले ते तीन दिवसांचे वर्ग. त्याच धोरणात शाळेतील प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा आहे. पहिलीच्या शिक्षकाला दरवर्षी पन्नास तास, आणि त्याच मुलाला आदल्या वर्षापर्यंत शिकवणाऱ्या सेविकेला तीन दिवस. मूल तेच आहे. ते जूनमध्ये एका दारातून दुसऱ्या दारात गेले एवढाच फरक.

संख्या मोठी आहे, म्हणून एवढेच जमते, असे सरकारकडून सांगितले जाते. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास. सर्वांना एकदम सहा महिने वर्गात बसवता येणार नाही, हे खरे आहे. पण तसे कोणी मागितलेलेही नाही. महिन्यातून एक दिवस, वर्षभर, ठरलेल्या मार्गदर्शकासोबत हे धोरणाचेच सूत्र आहे. आपल्या राज्यात जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांची केंद्र पातळीवर शिक्षण परिषद भरते, केंद्रप्रमुख असतात, जिल्ह्यात ‘डाएट’ आहे. घर तयार आहे, फक्त सेविकेला त्यात पाट मांडून दिलेला नाही.

हा प्रश्न आपला का?

अंगणवाडी म्हणजे गरिबाच्या घरचा विषय, आपली मुले आता नर्सरीत जातात, असे आपल्यातील नोकरदार कुटुंबांना वाटू शकते. पण बौद्ध समाजाचा मोठा भाग आजही गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्ट्यांवर आणि शहरांतील झोपडपट्ट्यांत राहतो. त्यांच्या मुलांसाठी सहा वर्षांपर्यंत सरकारने उघडलेले एकच दार असते, ते अंगणवाडीचे.

ते दारसुद्धा सहज उघडलेले नाही. गावातील अंगणवाडी बहुधा सवर्णांच्या वस्तीत, देवळाजवळ किंवा कोणाच्या ओसरीवर, आणि आपल्या मुलांनी तिथे जायचे की नाही हा प्रश्न. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशात अनुसूचित जाती आणि जमातींच्या वस्त्यांना नव्या अंगणवाड्यांसाठी प्राधान्य द्यायला सांगितले. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यावर तीन महिन्यांत ती द्यावी, असा हक्कही दिला. हा लढा जागेचा होता, आणि बऱ्याच वस्त्यांत तो जिंकला गेला. आता लढा खोलीच्या आत काय घडते याचा आहे.

कारण आत पुष्कळ काही घडते. मूल वस्तीतली बोली बोलत येते. एखादी सेविका ती ऐकून त्यावर गोष्ट रचते, दुसरी ‘असं नाही बोलायचं’ म्हणून गप्प करते. आहार वाटताना कोण कुठे बसते, कोणाच्या हातचे कोण खात नाही, दलित मदतनिसाने शिजवलेल्या जेवणावर कोणते पालक तोंड फिरवतात, या गोष्टी बातम्यांत येत राहतात. न येणाऱ्या त्याहून अधिक असतात. जातीचा पहिला धडा मुलाला शाळेत नव्हे, त्याच्याही आधी मिळू शकतो. तो मोडायचा कसा, हे सेविकेने कोठे शिकायचे? तीन दिवसांच्या वेळापत्रकात यावर मोकळेपणाने बोलायला जागा कोठून आणायची? असे विषय एका व्याख्यानाने सुटत नाहीत. त्यासाठी महिन्यामागून महिने सहकाऱ्यांसोबत बसून आपल्याच वर्गातील प्रसंगांवर बोलावे लागते.

संविधानाच्या बाजूनेही पाहू. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे म्हटले होते. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा ‘शिक्षण’ या शब्दाऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असे करावे अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावायला आपण बंदी घालतो आहोत, तर ते मूल त्या वयात शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. शिक्षण तुकड्यांत न पाहता मुलाच्या वयाकडे पाहण्याची ती दृष्टी होती.

२००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा हा गट मूलभूत हक्कात आणला, ही मोठी गोष्ट झाली. पण सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम ११ सुद्धा सरकार पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हणते. ‘केली पाहिजे’ म्हणत नाही. जिथे हक्क नाही तिथे दर्जाचे उत्तरदायित्व नाही, आणि जिथे उत्तरदायित्व नाही तिथे प्रशिक्षणाला तीन दिवस पुरतात.

सेविकेचा दिवस कोणाचा?

प्रशिक्षण कितीही चांगले दिले तरी ते वापरायला वेळ लागतो. सेविकेचा दिवस बघा. सकाळी मुले गोळा करणे, हजेरी, आहार, वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, घरी न्यायच्या आहाराचे वाटप, रजिस्टरे. त्यावर ‘पोषण ट्रॅकर’. २०२१ मध्ये हे ॲप आले, तेव्हा मराठीचा अभाव आणि सतत बंद पडणारे मोबाईल यांना कंटाळून महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले होते. १ जुलै २०२५ पासून आहार वाटपासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची अट सक्तीची झाली. नेटवर्क नाही, चेहरा जुळत नाही, आई कामावर गेलेली, तर सेविका मोबाईल घेऊन दारोदार. त्यात निवडणुकीची मतदारयादी, सर्वेक्षणे, आणि २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचे कामही तिच्याकडेच आले.

मग ते रोजचे दोन तास जातात कुठे? बहुतेक वेळा ते बाराखडी आणि अंक घोकण्यात जातात, कारण घोकंपट्टीला तयारी लागत नाही. सेविका दुसरीकडे बघत असली तरी मुले एका सुरात म्हणत राहतात. खेळातून शिकवायला आदल्या दिवशी चिंचोके, झाकणे, पाने, काड्या गोळा कराव्या लागतात, तीन वर्षांच्या आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला एकाच खोलीत वेगवेगळे काम द्यावे लागते, गप्प बसणाऱ्या मुलाकडे लक्ष ठेवावे लागते. हे कौशल्याचे काम आहे आणि त्याला मोकळे डोके लागते.

आपल्या परंपरेला ही पद्धत परकी नाही. बालवयातील राहुलला खोटे न बोलण्याची शिकवण देताना तथागतांनी हाताशी असलेले पाण्याचे भांडे घेतले. त्यातले उरलेले थोडे पाणी दाखवले, ते सांडून दाखवले, भांडे पालथे करून दाखवले, आणि प्रत्येक वेळी राहुलला विचारले, काय दिसते? आधी वस्तू, मग प्रश्न, मग अर्थ. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने हे साहित्य केले आणि तिथल्याच मुली-बायकांना बालसेविका म्हणून घडवले. अंगणात भरणाऱ्या बालवाडीची कल्पना या मातीत अशी रुजली. ते काम तीन दिवसांच्या वर्गाने उभे राहिले नव्हते. शिकवणारी आणि शिकणारी वर्षानुवर्षे एकाच अंगणात काम करत होत्या.

पर्यवेक्षिका तपासणार की शिकवणार?

बालशिक्षणातील नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अधिकारी येतात. पण सेविकेच्या दृष्टीने नेतृत्व म्हणजे पर्यवेक्षिका. साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असते. ती महिन्यातून एकदा येते आणि रजिस्टर उघडते. नोंदी बरोबर आहेत का, ॲपवर माहिती भरली का, धान्य किती उरले, हे पाहते. मुलांना गोष्ट कशी सांगितली, हे ती सहसा पाहू शकत नाही, कारण तिच्यावरही वरून आकड्यांचाच तगादा असतो. शिवाय पदे रिकामी राहिली की एकीच्या गळ्यात दोन बीट पडतात.

ही सगळी साखळी बदलण्याची किल्ली इथेच आहे, असे आमचे मत आहे. पर्यवेक्षिका अंगणवाडीत तासभर मागे बसली, वर्ग पाहिला, नंतर सेविकेशी दहा मिनिटे बोलली, ‘गोष्ट छान सांगितलीस, पण मागची तिघे ऐकत नव्हती, पुढच्या वेळी त्यांच्या हातात काहीतरी दे’, तर तेवढे बोलणे पुष्कळ व्याख्यानांपेक्षा मोलाचे ठरते. यासाठी पर्यवेक्षिकेलाच आधी बालशिक्षण शिकवावे लागेल आणि तिच्या कामाचे मोजमाप रजिस्टरांवरून वर्गाकडे न्यावे लागेल. प्रकल्प अधिकाऱ्यालाही तसेच.

केंद्राच्या ‘पोषण २.०’च्या मार्गदर्शक सूचनांनी एक चांगली तरतूद केली आहे. पर्यवेक्षिकांची निम्मी पदे पाच वर्षे अनुभव असलेल्या सेविकांतून आणि सेविकांची निम्मी पदे तशाच अनुभवी मदतनिसांतून बढतीने भरावीत. आपल्या वस्तीत कमी मोबदल्यात वर्षानुवर्षे झाडलोट आणि स्वयंपाक करणाऱ्या मदतनीस ताईसाठी याचा अर्थ फार मोठा आहे. पण महाराष्ट्रात २०२३ पासून नव्या भरतीला बारावीची अट आहे. म्हणून बढतीची वाट खरी करायची तर मदतनीस आणि जुन्या सेविकांना नोकरीत असताना दहावी-बारावी आणि पुढे पदविका पूर्ण करण्याची सोय, खर्च आणि रजा सरकारने दिली पाहिजे. नाहीतर पात्रतेच्या नावाखाली सर्वांत खालच्या बाईलाच बाहेर ठेवले जाईल. पात्रतेची अट घालून वाट बंद करणे काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

मानधन आणि शिक्षण हे दोन विषय नाहीत

सेविका आजही कर्मचारी नाही, ‘मानसेवी’ कार्यकर्ती आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे पद हे नागरी सेवेतील पद नाही, असे म्हटले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला आणि त्यांच्या कामाचे स्वरूप अर्धवेळ म्हणून उडवून लावता येणार नाही, हे स्पष्ट केले. केंद्राने सेविकेच्या मानधनाचा आकडा ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपयांवर ठेवला. बाकी राज्यांनी भर घालायची. महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस संप केला, आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर राज्याने मानधन दहा हजारांवरून तेरा हजार केले, वर कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ता ठेवला.

‘आधी चांगले शिकवून दाखवा, मग पगार मागा’ असे काहीजण म्हणतात. ‘आधी पगार द्या, मग प्रशिक्षणाचे बघू’ असे उत्तर काही वेळा संघटनांकडून येते. आम्हाला दोन्ही अपुरे वाटतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी या दोन गोष्टी एकत्र मांडल्या होत्या. खेड्यातील शाळांना शिक्षक प्रशिक्षित हवा, तो शेतकरी-कष्टकरी वर्गातून आलेला, त्यांच्यात मिसळणारा हवा, आणि त्याला पगारही नीट हवा, असे त्यांचे म्हणणे होते. यातील एक गोष्ट काढली की बाकीच्या दोन लंगड्या पडतात. आज अंगणवाडी सेविका आपल्यातलीच आहे. प्रशिक्षण आणि पगार, दोन्ही राहिले.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सहा दिशांचा अर्थ नात्यांतून सांगितला आहे. दक्षिण दिशा म्हणजे आचार्य, त्यांचा आदर शिष्याने करायचा. खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारे. त्यांना कुवतीप्रमाणे काम द्यायचे, अन्न आणि वेतन द्यायचे, आजारपणात सांभाळायचे, वेळेवर विसावा द्यायचा. सेविका या दोन्ही दिशांना उभी आहे. ती आपल्या मुलांची पहिली आचार्य आहे आणि ती राबणारीही आहे. समाज म्हणून आपण दोन्ही दिशांकडे पाठ फिरवली आहे.

पालकांचा पैसा कुठे जातो?

अंगणवाडीवरचा विश्वास उडाला की पालक खासगी नर्सरीकडे वळतात. घरकाम करणारी आई, रिक्षा चालवणारा बाप महिन्याला पोटाला चिमटा काढून फी भरतात. तिथे गणवेश असतो, टाय असतो, इंग्रजी नाव असते. पण शिकवणारी मुलगी बहुधा नुकतीच बारावी झालेली, कसलेही बालशिक्षण न घेतलेली आणि अत्यल्प पगारावर राबणारी असते. बालशिक्षणाची दोन वर्षांची पदविका राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमांत आखून दिली आहे. तुमच्या गल्लीतील नर्सरीत ती किती जणींकडे आहे, हे विचारून पाहा. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन एबीसीडीची पाने भरून घेणे म्हणजे इंग्रजी शिकणे नव्हे. त्याने बोटे दुखतात आणि शाळेची भीती बसते. इंग्रजी आपल्या मुलांना हवीच, तिला आमचा विरोध नाही. पण ती गाण्यातून, खेळातून, आपल्या भाषेच्या आधाराने शिकवायलाही शिकलेली शिक्षिकाच लागते.

आता काय मागायचे?

राज्य सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत आणि बहुतेक सरकारच्याच कागदांत लिहिलेल्या आहेत.

१. राष्ट्रीय धोरणातील सहा महिन्यांचा आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम प्रत्येक सेविकेला मिळावा, त्याचे तालुकानिहाय वेळापत्रक जाहीर व्हावे, त्या काळात मानधन कापले जाऊ नये आणि पूर्ण केल्यावर मानधनात कायम वाढ व्हावी.

२. महिन्यातून एक दिवस केंद्र पातळीवर सेविकांची शिक्षण परिषद भरावी. त्या दिवशी दुसरे कोणतेही काम, सभा वा ॲपची नोंद सांगू नये.

३. पर्यवेक्षिकांची रिकामी पदे भरावीत, निम्मी बढतीने. त्यांच्या भेटीत वर्ग पाहणे सक्तीचे असावे.

४. जातीय भेदभाव, बोलीभाषेचा आदर आणि दिव्यांग मुलांचा समावेश हे प्रशिक्षणाचे मुख्य विषय असावेत.

५. रोजचे शिक्षणाचे दोन तास राखीव ठेवावेत. त्या वेळेत सेविकेला सर्वेक्षण वा ऑनलाईन काम देऊ नये.

मागणे एकट्या सरकारकडे नाही, आपल्याकडेही आहे. काही वस्त्यांत अंगणवाडी विहारातच किंवा विहाराला लागून भरते. अशा प्रत्येक विहार समितीने आणि महिला मंडळाने महिन्यातून एकदा अंगणवाडीत जाऊन बसावे. चूक शोधायला नव्हे, ताईला काय लागते हे विचारायला. गोष्टींची पुस्तके, चटया, खेळण्यासाठी लाकडी ठोकळे यांचा खर्च एका जयंतीच्या डीजेपेक्षा कमी येतो. आपल्यातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी जवळच्या दोन अंगणवाड्यांना महिन्याचा एक दिवस द्यावा. ग्रामपंचायतीत आणि वॉर्डात निवडून आलेल्या आपल्या प्रतिनिधींनी ‘आमच्या बीटमधील किती सेविकांचे प्रशिक्षण झाले, किती दिवसांचे झाले’ हा एक प्रश्न लेखी विचारावा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि लेखी उत्तरातून पुढचा लढा उभा राहतो.

बाबासाहेबांच्या चळवळीने आपल्याला महाविद्यालये दिली, वसतिगृहे दिली, शिष्यवृत्तीचा हक्क दिला. त्या पायऱ्या चढून आपली एक पिढी वर आली. पण पहिल्या पायरीवर, चटईवर बसलेल्या तीन वर्षांच्या मुलासमोर आज कोण उभे आहे आणि तिला आपण काय शिकू दिले, हा हिशोब अजून बाकी आहे. तो मागण्याची वेळ ३ जानेवारीच्या जयंतीपुरती नाही. येत्या महिन्याच्या ग्रामसभेपासून, वॉर्ड सभेपासून तो मागू या. जय भीम!